उन्हासाठी राखलेली जागा

आमच्या घरमालकांकडे, नानांकडे, काहीही मागा, मागितल्यापेक्षा जास्त मिळायचं. फक्त हवा मागायची नाही.

मेथीची एक जुडी मागायला मी खाली गेले की तीन घेऊन वर यायचे. वाटीभर साखर मागितली तर ते अख्खा डबा पुढे करायचे आणि तोंड दुसरीकडे फिरवायचे, म्हणजे आपण किती घेतली ते त्यांना दिसायला नको. चहा बशीत सांडल्याशिवाय त्यांच्या मते कप भरलेला नसायचा. हिवाळ्यात अंगणात तुरीच्या काड्या पेटवून वांगी भाजायचे, तेव्हा भरीत खायला चौघांना बोलवायचे आणि करायचे मात्र गल्लीला पुरेल इतकं. मग दोन दिवस कॉलनीत ज्याच्या त्याच्या डब्यात नानांचं भरीत. दारावरच्या भाजीवालीने तराजूचा काटा बरोबर मध्यावर आणला की त्यांना मनापासून वाईट वाटायचं. "टाक वं माय, वरतून अजून थोडं टाक," म्हणायचे, आणि तिने टाकलेलं ते वरचं शेजारच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत ढकलून द्यायचे.

असा हा माणूस हवेच्या बाबतीत मात्र सोनार होता.

जळगावच्या पिंप्राळ्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही बरीच वर्षं भाड्याने राहिलो. लोकांच्या घरात खालच्या गाळ्यात किराणा असतो, नाहीतर ब्यूटी पार्लर. नानांच्या गाळ्यात कॉम्प्रेसर होता. पाण्याखाली उतरणारे लोक पाठीला हवेची सिलिंडरं बांधतात, ती नाना भरून द्यायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी किनाऱ्यावर, जहाजांच्या दुरुस्तीत काढली होती. पाण्याखाली जायचे, पुढे इतरांना हवा भरून द्यायला लागले. नोकरी संपल्यावर येताना लोक मुंबईहून फ्रीज आणतात, यांनी हे यंत्र आणलं. जिथून समुद्र बघायला रात्रभर प्रवास करावा लागतो, तिथे हा व्यवसाय कोण चालवणार, असं सगळ्यांना वाटलं. पण तापी आहे, गिरणा आहे, धरणं आहेत आणि माणसं बुडतात. बुडालेल्यांना बाहेर काढणारी पट्टीच्या पोहणाऱ्यांची एक मंडळी जळगावात आहे. पंपांच्या जाळ्या साफ करायला धरणात उतरणारे आहेत. नानांना गिऱ्हाईक मिळालं.

माझा नवरा त्या पोहणाऱ्यांपैकी. एरवी पाइपच्या कारखान्यात, आणि फोन आला की पाण्यात. लोक शाळा जवळ आहे का, नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे बघून घर घेतात. आम्ही घेतलं ते खाली हवा मिळते म्हणून.

आता नानांची भरायची पद्धत. प्रत्येक सिलिंडरच्या खांद्यावर ते किती दाब सोसू शकतं त्याचा आकडा ठोकलेला असतो. बहुतेकांवर दोनशेचा. नाना आधी त्या आकड्यावरून अंगठा फिरवायचे, रोजचं ओळखीचं सिलिंडर असलं तरी. मग ते सिमेंटच्या हौदात पाण्यात उभं करायचे. हा हौद म्हणजे एका गोठ्यातून उचलून आणलेली गुरांची पाणी प्यायची टाकी. यंत्र सुरू केलं की सगळ्यांना बाहेर काढायचे आणि स्वतः वाळूच्या पोत्यांच्या भिंतीआड बाजेवर बसायचे. दाबाचा काटा त्यांनी नळी वाढवून बाहेर आणला होता. काट्याकडे बघत बसायचे आणि कोणाशी बोलायचे नाहीत. एरवी बोलायला लागले तर तुमची भाजी करपेपर्यंत सोडायचे नाहीत.

घाईने भरलेलं सिलिंडर तापतं. तापलेलं असताना काटा दोनशे दाखवतो, आणि निवलं की तोच काटा एकशे ऐंशीवर येऊन बसतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, नानांनी काटा मारला. इतर ठिकाणी यावर सोपा इलाज करतात, दोनशेवीस-तीसपर्यंत दाबून देतात. नाना थांबायचे. सिलिंडरला हाताची उलटी बाजू लावून बघायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. अजून ऊब लागली तर पुन्हा बाजेवर. या नादात एखाद्याची अख्खी सकाळ जायची. तेवढ्या वेळात नाना त्याला पोहे, केळी, पुन्हा चहा असं इतकं खाऊ घालायचे की हवा घ्यायला आलेला माणूस घरी जाऊन जेवायचा नाही.

मे महिन्यात तर त्यांचं डोकं फिरलंय असंच वाटायचं. पहाटे गारव्याला उठून भरायला बसायचे आणि आकड्याच्या बरंच अलीकडे थांबायचे. दोनशेच्या सिलिंडरात दोनशेही नाही. गिऱ्हाईक तणतणायचं. नाना शांतपणे म्हणायचे, "ती जागा उन्हानी शे."

म्हणजे काय, ते मला फार उशिरा समजलं. सिलिंडर भरून झालं तरी त्यातला दाब काही थांबून राहत नाही. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी गाडीच्या दाराला हात लावला तर फोड येतो. त्या गाडीतल्या सिलिंडरात कोंडलेली हवा फुगते आणि काटा आपोआप वर चढत जातो. नानांच्या मते त्या चढण्याची जागा आधीच सोडायला हवी. ऊन येणार हे माहीत असताना त्याची जागा तुम्ही भरून टाकली, तर ऊन काही परत जात नाही.

त्यांचा डावा कान समुद्राने कायमचा नेला होता. नेलेला कानही नानांनी कामाला लावला होता. "नाना, वरतून थोडं टाका ना" असं कोणी म्हटलं की ते सावकाश मान वळवून डावा कान पुढे करायचे. समोरचा दुप्पट जोरात ओरडायचा. नाना प्रेमाने हसायचे. तिसऱ्यांदा ओरडेपर्यंत त्या माणसालाच लाज वाटायची, कारण तोवर गल्लीतल्या चार खिडक्या उघडलेल्या असायच्या.

एकदा एक जण चकचकीत निळं सिलिंडर घेऊन आला. नवीन आहे म्हणाला. नानांनी खिशातला पत्रा काढून तळाशी जरा खरवडलं. निळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली पिवळा, आणि पिवळ्याखाली गंजाचे खड्डे. नाना म्हणाले, "याले कोनी भरू नका." तो माणूस भडकला. सिलिंडर माझं, जीव माझा, तुमचं काय जातंय, असं बरंच बोलला. नानांनी त्याला जेवायला बसवलं. भरीत, कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल. जेवण संपेपर्यंत त्या भल्या माणसाने स्वतःच सिलिंडरला भोक पाडायला परवानगी दिली होती. पुन्हा कोणी ते रंगवून विकू नये म्हणून. जाताना त्याच्या हातात केळ्यांच्या दोन फण्या होत्या, आणि तो नानांच्या पाया पडला. हे मी वरच्या गॅलरीतून बघितलं आहे, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

कॉलनीत सगळ्यांना खात्री होती की या हट्टामागे काहीतरी घडलेलं असणार. कोणी म्हणायचं, जहाजावर स्फोट झाला होता, त्यात यांचा जिवलग मित्र गेला. कोणी म्हणायचं, सख्खा भाऊ. धुणं वाळत घालताना शेजारणी मला विचारायच्या. शेवटी एकदा मीच नानांना विचारलं, उजव्या बाजूला उभं राहून. "नाना, तिकडे कोण गेलं होतं हो?"

त्यांनी जरा विचार केला, खरोखर कोणाला आठवत असल्यासारखा. मग म्हणाले, "कोनी मरनं नही, पोरी. मापमा भरं म्हनीसन."

इतकी साधी गोष्ट होती. कोणी मेलं नव्हतं, कारण मापात भरलं होतं. शेजारणींची मोठी निराशा झाली.

आता माझ्या भांडणाचं सांगते, कारण नानांशी मी भांडले आहे.

नवऱ्याला पाण्यात एक वाईट खोड होती. खालून लवकर वर यायचा नाही. हवा संपत आली की काटा लाल पट्ट्यात जातो, म्हणजे निघायची वेळ झाली. हा त्या लाल पट्ट्यातही थांबायचा. हाताला काहीतरी लागलंय असं वाटलं की अजून दोन श्वास, अजून दोन श्वास. वर आल्यावर ओठ निळे. त्याचे सोबती मला हे कौतुकाने सांगायचे. मी रात्री त्याच्याकडे पाठ करून झोपायचे.

त्यातून माझ्या डोक्यात एक सरळ गणित बसलं. खाली हा थांबणारच. मग सिलिंडरात जास्त हवा का नको? आणि जास्त हवा देऊ शकणारा माणूस माझ्या पायाखाली राहतो, मला एका जुडीच्या जागी तीन देतो, आणि नवऱ्याच्या जिवावर बेतलं की उन्हाचं कारण सांगतो. मी एका सकाळी तावातावाने खाली गेले.

"नाना, दोनच श्वास मागतेय. वरतून. माझ्यासाठी."

त्यांनी मान वळवायला सुरुवात केली. मी चटकन फिरून उजव्या बाजूला गेले. त्यांना हसू आलं, पण माझा चेहरा बघून ते मावळलं.

"वांगी ले, मिरच्या ले, बठ्ठं घर ले," अख्खं घर देऊ करत ते म्हणाले. "हवा नही, पोरी."

मला रडू आलं. मी म्हटलं, तुम्ही कंजूष आहात. आयुष्यात त्यांना हा शब्द कोणी म्हटला नसेल. संध्याकाळी दाराच्या कडीला मिरच्यांची पिशवी लटकवलेली होती. मी ती दोन दिवस काढली नाही, मग मिरच्या सुकायला लागल्या म्हणून काढली.

खरं तर त्यांची आणखी एक कंजुषी होती, आणि तीही मला डाचायची. खाटेच्या डोक्याशी एक जुनं पिवळं सिलिंडर उभं असायचं, त्यांचं स्वतःचं, किनाऱ्यावरच्या दिवसांतलं. ते वेळच्या वेळी तपासायला पाठवायचे आणि नेहमी भरून ठेवायचे. पण द्यायचे कोणालाच नाहीत. नाना आता पाण्यात उतरत नव्हते. मग हे कशासाठी जपायचं, मला कळायचं नाही.

त्या वर्षी धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाचा थाट असतो. माझं माहेर धुळ्याचं. भावाने बोलावलं, आम्ही गेलो. आमरस, खापरावरचे मांडे, आणि वाढणाऱ्या हातांना नाही हा शब्द ऐकू येत नाही. नवऱ्याने गाडीतून पोहणाऱ्या मंडळीचं मोठं सिलिंडरही आणलं होतं, कारण भावाच्या ओळखीचा एक वर्कशॉपवाला हवा भरून देतो असं कळलं होतं. सकाळी उन्हं तापायच्या आत तिघेही तिथे गेलो.

तो माणूस दोनशेवर थांबायला लागला. भाऊ म्हणाला, "आमचे जावई आहेत. धोंड्याचं जेवून निघालेत. वरतून टाका."

"दोनशेच लिहिलेलं आहे, भाऊ," तो म्हणाला.

"रिक्षावर पण तीनच प्रवासी लिहिलेलं असतं. बसतात का तीन?"

सगळे हसले. मीही. काटा अडीचशेवर गेला. भाऊ नवऱ्याच्या ताटात आग्रहाने मांडा वाढावा तशी ती हवा वाढत होता, आणि मला बरं वाटत होतं. नानांनी दिली नाही ती माहेरच्यांनी दिली.

परतीच्या वाटेवर पारोळ्याच्या अलीकडे फोन आला. जळगावजवळच्या धरणात सकाळी एक पंपमिस्त्री जाळी मोकळी करायला उतरला होता, तो वर आलाच नाही. थेट धरणावर या. आम्ही तसेच पुढे निघालो. एरंडोलजवळ इंजिन तापलं म्हणून रसवंतीपाशी गाडी उभी करावी लागली. सावलीला ट्रक उभे होते, आम्हाला उन्हात जागा मिळाली. मी मागच्या सीटवरच पडून राहणार होते. रसाच्या चरकाचे घुंगरू ऐकून तहान लागली म्हणून उतरले.

पहिला घोट घेतला आणि गाडीतून असा आवाज आला, की रसवंतीवाला चरक सोडून बाकाखाली गेला. आवाज थांबेना. किंचाळल्यासारखा चालूच. मागची काच फुटून रस्त्यावर पडली, डिकीत काहीतरी धडाधड आपटत होतं आणि गाडी जागच्या जागी हलत होती. सिलिंडरच्या तोंडाशी तांब्याची एक पातळ चकती असते. दाब फार चढला की सिलिंडर फुटण्याआधी ती फाटते. ती फाटली होती. पुन्हा शांत झालं तेव्हा माझ्या सीटच्या पाठीला आतून कुबड आलं होतं. जिथे मी डोकं टेकून पडणार होते, बरोबर तिथे.

सिलिंडर पूर्ण रिकामं होतं. वरतून टाकलेली हवा गेली, आणि मापातली होती तीही घेऊन गेली.

नवऱ्याने नानांना फोन लावला. मंडळीचं दुसरं, लहान सिलिंडर त्यांच्याकडे भरून ठेवलेलं होतं, ते हवं होतं. काय झालं ते त्याने सांगितलं. धुळ्याचंही सांगितलं, अडीचशेचंही. फोन मोठ्या आवाजावर होता. पलीकडून नानांनी एवढंच विचारलं, "तुमले कोनले लागनं नही ना?"

धरणावर आम्ही पोचलो तेव्हा मिस्त्रीची बायको पायऱ्यांवर बसली होती. नशिराबादची होती. रडत नव्हती. माझा नवरा काठावर उभा होता तिथेच तिने नजर लावली होती, कारण तिचं माणूस आणणारा आता तो होता. मी तिच्याजवळ जाऊन बसले. काही तासांपूर्वी ती माझ्यासारखीच कोणाची तरी वाट बघत असणार, एवढंच मनात येत राहिलं.

नाना रिक्षाने आले. वाटेत पाणी दिसेल तिथे रिक्षा थांबवून सिलिंडरवरच्या ओल्या गोणपाटावर पुन्हा पाणी मारत आले, असं रिक्षावाला वैतागून सांगत होता. बघ्यांपैकी कोणीतरी उशीर झाला म्हणून बडबडलं. नाना त्या बाईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलले, "जो खाली शे त्याले आते घाई नही. जो उतरी राहिना त्याले जपा." आणि उतरायला निघालेल्या माझ्या नवऱ्याकडे मान केली.

त्यांनी गोणपाट बाजूला करून लहान सिलिंडर उतरवलं. मग पुन्हा रिक्षात वाकले आणि दोन्ही हातांनी दुसरं बाहेर काढलं. पिवळं. खाटेच्या डोक्याशी उभं असायचं ते.

ते त्यांनी नवऱ्याकडे दिलंच नाही. उचलत, थांबत, पायऱ्या चढून माझ्यापाशी आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. धाप लागली होती.

"तू वरतून मांगेल व्हतं ना, पोरी?" ते म्हणाले. "हाई ले."

नाना जाऊन आता तीन वर्षं झाली. यंत्र नवऱ्याने घेतलं, हौद तोच आहे, मे महिन्यात पहाटे उठतो आणि आकड्याच्या अलीकडे थांबतो. गिऱ्हाईक तणतणतं. पिवळं सिलिंडर आमच्या जिन्याशी उभं असतं, त्यावरचं गोणपाट मी ओलं ठेवते. पण नानांची आठवण निघाली की मला ते भरीत आठवत नाही, तो डावा कान आठवत नाही. ती पायऱ्यांवरची दुपार आठवते.

मिस्त्री जाळीत अडकला होता. नवरा खाली गेला आणि आम्ही दोघी बायका पाण्यावरचे बुडबुडे बघत बसलो. मला त्याची खोड माहीत होती. हाताला माणूस लागला असणार, म्हणजे आता हा लाल पट्ट्यातही थांबणार. दोनच काय, वीस श्वास जास्त असते तरी त्या विसांच्या शेवटापर्यंत थांबला असता. हे मला तिथे, त्या पायरीवर बसल्यावर कळलं. बुडबुड्यांची जागा हलली. काठाकडे सरकायला लागली. त्या बाईने माझा हात धरला.

नवरा रिकाम्या हाताने वर आला. ओठ निळे नव्हते, काटा लाल पट्ट्यात जायच्या आत निघाला होता. त्याने पाण्यातूनच माझ्यासमोरच्या पिवळ्या सिलिंडरकडे बोट केलं, ते बांधून घेतलं, आणि तिचं माणूस आणायला पुन्हा खाली गेला.